प्रशियाच्या राजाच्या गावातलं कडबोळं

"अगं, ही तर कडबोळी वळतेय!"

माई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की काचेपलीकडच्या मुलीनं मान वर करून पाहिलं आणि हसली. तिच्या हातात मैद्याच्या पिठाचा लांबलचक दोर होता. तिनं दोन्ही टोकं उचलली, दोराला हवेतच एक पीळ दिला, टोकं उलटी फिरवून कमानीवर टेकवली आणि अंगठ्यानं दाबली. सगळं मिळून चार-पाच सेकंद. माई म्हणजे माझ्या भाचीच्या सासूबाई. वय बहात्तर, माहेर कराडचं, सासर सांगलीचं. दर दिवाळीला दोन किलो भाजणीची कडबोळी त्या एकट्या वळत आल्या आहेत. हाताच्या हालचालीवरून पदार्थ ओळखायचा अधिकार त्यांना आहे.

आम्ही उभ्या होतो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, किंग ऑफ प्रशिया मॉलमध्ये. गावाचं नावच 'प्रशियाचा राजा'. अठराव्या शतकात इथं रस्त्याकडेला एक सराई होती. तिला प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाच्या नावानं ओळखत, आणि पुढं तेच नाव गावाला चिकटलं. मॉल सुरू झाला १९६३ मध्ये. वाढत वाढत आज त्यात सुमारे साडेचारशे दुकानं आहेत. पेनसिल्व्हेनियात कपड्यांवर विक्रीकर लागत नाही, त्यामुळे बाहेरच्या राज्यांतूनही लोक इथं खरेदीला येतात. भारतात परत निघालेल्या आईवडिलांच्या बॅगांचं उरलेलं वजनही बहुधा इथंच भरलं जातं. आमचंही काम तेच होतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'हाताची चव' हा विषय कळवला, तेव्हा मी भाचीकडे एक्स्टनला होते. पहिल्यांदा वाटलं, घरी परतल्यावर एखाद्या खानावळीत जाऊन बसावं, एखाद्या आचाऱ्याशी बोलावं. पण माईंच्या त्या वाक्यानंतर माझा विचार बदलला. साडेचारशे दुकानांत शर्ट होते, बूट होते, फोन होते, अत्तरं होती, आणि त्यातलं जवळजवळ सगळं दूरच्या कारखान्यात तयार होऊन खोक्यात बंद होऊन आलेलं. आमच्या वाटेवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, कच्च्या मालापासून काही घडत होतं ते फक्त या दहा-बारा फुटांच्या गाळ्यात, जिथं प्रेट्झेल, म्हणजे पिळाचा भाजलेला पाव, वळला जात होता. पुढचे तीन आठवडे मी जमेल तेव्हा तिथं जाऊन उभी राहिले.

उंडा, दोर, पीळ

सकाळी मॉलची दारं उघडतात तेव्हा गाळ्यातलं पहिलं पीठ फुगून तयार असतं. मैदा, पाणी, यीस्ट, थोडी साखर, मीठ, एवढाच ऐवज. पीठ यंत्रात मळतात, कारण एवढं पीठ हातानं मळणं कुणाच्या मनगटांना झेपणारं नाही. त्यापुढचं मात्र हाताचं. फुगलेल्या पिठाचा एक मोठा तुकडा ओट्यावर घ्यायचा, त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि एकेक पट्टी तळहाताखाली लोळवत मधून टोकांकडे नेत जवळजवळ दोन हात लांबीचा दोर करायचा.

इथंच नवशिक्यांची परीक्षा होते. पाळीची मुख्य असलेली एक बाई, वय चाळिशीचं, बोलायला मोकळी. ती म्हणाली, नवी पोरं जोर लावतात. जोर लावला की पीठ ताणलं जातं आणि हात उचलला की पुन्हा आखडतं. मग पोरं आणखी जोर लावतात आणि दोर मधेच तुटतो. तिचा उपाय साधा होता: ज्यानं आखडायला सुरुवात केली तो दोर बाजूला ठेवायचा, दुसरा घ्यायचा आणि दोन मिनिटांनी पहिल्याकडे परतायचं. तोवर तो सैलावलेला असतो.

मी हे माईंना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "आपलं उलटं," त्या म्हणाल्या. "भाजणीचं पीठ ताणलं की मागं येत नाही, सरळ तुटतं. म्हणून आपण मोहन घालतो, उकळत्या पाण्यात उकड काढतो, मळून मळून मऊ करतो. हिच्या पिठाला रबर आहे, आपल्या पिठाला नाही."

पाकशास्त्राच्या पुस्तकात हे सांगायला पानभर मजकूर लागतो. गव्हाच्या मैद्यात ग्लुटेन असतं, पाण्यात मळल्यावर त्याची जाळी तयार होते आणि ती ताणली की मूळ जागी येऊ पाहते. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ यांच्या भाजणीत ती जाळी जवळजवळ नसतेच. म्हणून एका पिठाला विश्रांती द्यावी लागते आणि दुसऱ्याला आधार. आकार मात्र दोन्हीकडे सारखाच, टोकं एकमेकांवर आणून दाबलेलं वेटोळं. मराठीत वेगवेगळ्या पक्षांना एकत्र वळून केलेल्या सरकारालाही कडबोळं म्हणतात, ते याच वेटोळ्यावरून.

काउंटरच्या रचनेत एक शहाणपण आहे. पीठ वळायचा ओटा आतल्या बाजूला, भिंतीशी ठेवलेला नाही. तो काचेला लागून, थेट रस्त्याकडे तोंड करून असतो. भट्टीही जवळच. वळणारी व्यक्ती गिऱ्हाइकाकडे पाहत वळते आणि गिऱ्हाईक तिच्या हातांकडे पाहत पैसे मोजतं. लहान मुलं काचेला हात टेकून उभी राहतात. एक चार-पाच वर्षांचा मुलगा प्रत्येक पिळाला "वन मोअर!" म्हणत होता आणि आतली मुलगी त्याच्यासाठी दोर जरा जास्तच उंच उचलत होती. तिला तसं करायचे पैसे मिळत नाहीत. तिचं वय वीस-एकवीस, संध्याकाळी कॉलेज. पहिल्या दिवशी तिचे प्रेट्झेल कसे झाले होते असं विचारलं, तर तिनं हवेत बोटानं एक गाठ काढून दाखवली.

वळून झालं की प्रेट्झेल सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा, ट्रेवर मांडायचा, वरून जाडं मीठ पेरायचं आणि भट्टीत सारायचा. मी घड्याळ लावून पाहिलं. बाहेर यायला सात-आठ मिनिटं लागतात. बाहेर आला की लगेच वितळलेल्या लोण्यात. ज्यांना दालचिनी-साखरेचा हवा त्यांचा लोण्यातून निघून साखरेच्या परातीत लोळतो. माईंना तो पहिल्याच घासाला ओळखीचा वाटला. शाळेतून आल्यावर पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी करून देत, ती ही चव.

एका घाण्यात किती निघतील हे गर्दी पाहून ठरवतात. हे ठरवणं सोपं नाही, कारण तयार प्रेट्झेलचं आयुष्य फार थोडं. आंटी अ‍ॅन्स या सर्वांत मोठ्या साखळीचा जुना नियम आहे की भट्टीतून निघाल्यावर तीस मिनिटांत विकला गेला नाही तर तो काढून टाकायचा. म्हणजे पुढच्या अर्ध्या तासात किती माणसं या कोपऱ्यावरून जाणार याचा अंदाज पाळीच्या मुख्य बाईला सतत बांधावा लागतो. बाहेर पाऊस आहे, म्हणजे मॉल भरणार. शाळा सुटायची वेळ झाली. समोरच्या दुकानात सूट जाहीर झाली. हे सगळं तिच्या डोक्यात चालू असतं आणि हात मात्र पिठावर. आपल्याकडे वडापावच्या गाडीवर संध्याकाळी पाचला कढईत किती वडे सोडायचे हे जसं गाडीवाल्याला कळतं, तसंच हे.

खाराची करामत

प्रेट्झेलचा तपकिरी, चकाकता रंग पावाला येत नाही. पीठ तर पावाचंच असतं. फरक पडतो तो त्या बुडवण्यानं.

जर्मनीत प्रेट्झेल कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवतात. आपण नाल्या साफ करायला वापरतो तेच रसायन, पण पाण्यात शंभराला तीन-चार भाग एवढंच. हातमोजे घालूनच काम करावं लागतं. भट्टीत गेल्यावर उष्णतेनं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचं निरुपद्रवी कार्बोनेट होतं, म्हणून ते खाता येतं. मॉलमधल्या गाळ्यात वीस वर्षांच्या पोरांच्या हाती कॉस्टिक देणं शक्य नाही. तिथं खायचा सोडा वापरतात. त्याचा क्षार बराच सौम्य, म्हणून रंगही जरा फिकट, सोनेरी येतो आणि साल मऊ राहते.

क्षार करतो काय? भज्याच्या पिठात सोडा जरा जास्त पडला की भजी कढईत पटकन लालकाळी होतात, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. कारण तेच. पिठातली प्रथिनं आणि साखर तापल्यावर एकमेकांशी जी क्रिया करतात, त्यातून भाजल्याचा रंग आणि वास तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय माइयार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं आणि ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. क्षार असला की ही क्रिया भराभर होते. शिवाय पृष्ठभागावरचा स्टार्च सोड्याच्या पाण्यात आधीच फुगून खळीसारखा होतो आणि भट्टीत त्याची चकाकती साल बनते. आतला गाभा मात्र मऊच राहतो, कारण खार वरच्या कातडीपर्यंतच पोचलेला असतो.

माईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पापडखारच की." बरोबर आहे. पापडखारही क्षारच. पापडाला जो किंचित तुरट, जिभेला चावणारा स्वाद असतो त्याचा एक दूरचा भाऊबंद प्रेट्झेलच्या सालीत आहे. जर्मन पद्धतीचा खाल्ला तर तो स्पष्ट कळतो. मॉलमधल्या प्रेट्झेलमध्ये तो लोण्याखाली दबून जातो, आणि मला विचाराल तर ते मोठं नुकसान आहे.

लँकेस्टरकडून आलेला

मॉलमध्ये दिसला म्हणून हा पदार्थ मॉलचा नव्हे. अठराव्या शतकात राइन नदीच्या खोऱ्यातून हजारो जर्मन भाषक कुटुंबं पेनसिल्व्हेनियात येऊन शेती करू लागली. त्यांना इथं 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणतात. त्यांचा हॉलंडशी संबंध नाही, 'डॉइच' म्हणजे जर्मन. त्यांच्याबरोबर प्रेट्झेल आला. प्रेट्झेल या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला हाताचा शब्द आहे, आणि आकारही घडी घातलेल्या दोन हातांसारखा. प्रार्थना पाठ करणाऱ्या मुलांना एका साधूनं हा खाऊ दिला अशी दंतकथा सगळीकडे सांगतात. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी.

लँकेस्टर परगण्यातल्या लिटिट्झ गावी ज्युलियस स्टर्जिस यांनी १८६१ मध्ये प्रेट्झेलची बेकरी सुरू केली. अमेरिकेतली ही पहिली व्यापारी प्रेट्झेल बेकरी मानतात. तिची जुनी दगडी इमारत आजही उभी आहे. आत गेल्यावर प्रत्येकाच्या हातात पिठाचा छोटा गोळा देऊन वळायला शिकवतात. भाचीच्या मुलानं तीन वेळा प्रयत्न करून एक आकडा केला, चारचा. माईंनी पहिल्याच वेळी बरोबर वळला आणि मग टोकं दाबून शेजारी एक कडबोळंही करून ठेवलं. शिकवणाऱ्या मुलानं ते उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

स्टर्जिस यांची ख्याती कडक, कुरकुरीत प्रेट्झेलची. मऊ प्रेट्झेल फिलाडेल्फियाचा. तो इंग्रजी आठासारखा, चपटा, एकाला एक चिकटून पट्टीनं भाजलेला, कागदी पिशवीत भरून सकाळी रस्त्यात विकलेला. त्यावर लोणी नसतं, पिवळी मोहरी लावतात. चावायला चिवट, पोटाला भरीव. फिलाडेल्फियाचा माणूस मॉलच्या प्रेट्झेलला प्रेट्झेल म्हणायला तयार नसतो. त्याच्या मते तो गोड, लोणकट, मऊसूत खाऊ आहे. रेडिंग टर्मिनल मार्केट ही १८९३ पासूनची मंडई शहराच्या मध्यात आहे, तिथं तिसरा प्रकार मिळतो: अमिश या साधेपणानं राहणाऱ्या पेनसिल्व्हेनिया डच पंथातल्या कुटुंबांच्या हातचा, वळून लगेच भाजून लोणी फासलेला. रविवारी अमिश विक्रेत्यांचे गाळे बंद असतात, त्यामुळे आम्ही शनिवारी गेलो. डोक्याला पांढरी टोपी, साधा एकरंगी झगा घातलेल्या मुली काउंटरमागे एका लयीत दोर वळत होत्या. किंग ऑफ प्रशियात पाहिलेलं सगळं कुठून आलं, ते तिथं एका नजरेत कळलं.

सहा हजार डॉलरचा गाळा

अमिश मंडईतून मॉलपर्यंतचा रस्ता एका बाईनं घातला. अ‍ॅन बायलर यांचा जन्म १९४९ चा, लँकेस्टर परगण्यातल्या अमिश-मेनोनाइट शेतकरी घरातला. शिक्षण आठवीपर्यंत, जसं त्या समाजात होतं. १९७५ मध्ये त्यांची एकोणीस महिन्यांची मुलगी शेतावरच्या अपघातात गेली. त्या दुःखानं संसार मोडायच्या बेतात आला होता. समुपदेशनानं तो सावरला, म्हणून पती जोनास यांनी ठरवलं की आपल्या लोकांना असं समुपदेशन विनामूल्य द्यायचं. त्याला पैसा हवा होता. अ‍ॅन यांनी एका मंडईत नोकरी धरली, तिथं प्रेट्झेल विकायला शिकल्या आणि १९८८ मध्ये डाउनिंगटाउनच्या शेतकरी बाजारातला एक गाळा विकत घेतला. सहा हजार डॉलर सासू-सासऱ्यांनी उसने दिले.

हे डाउनिंगटाउन एक्स्टनच्या अगदी शेजारी. भाचीच्या घरून मोटारीनं दहा-पंधरा मिनिटं. तिथं आज कितीतरी भारतीय कुटुंबं राहतात.

सुरुवातीला त्यांचे प्रेट्झेल चांगले होत नव्हते. एकदा पुरवठ्यात चुकीचं सामान आलं. त्या प्रेट्झेल बंदच करणार होत्या, पण जोनास यांनी काही जिन्नस घालून पाहायला सुचवलं आणि जमलं. गाळ्यावरचे बाकीचे पदार्थ मागं पडले. तीसएक भाचे-पुतणे असल्यामुळे घरात त्या 'आंटी अ‍ॅन' होत्या, तेच नाव पाटीवर गेलं. वर्षभरातच लँकेस्टरच्या पार्क सिटी सेंटर या मॉलमध्ये पहिला गाळा निघाला. २००५ मध्ये त्यांनी धंदा विकला. आज त्या नावाचे सुमारे दोन हजार गाळे जगभर आहेत.

मला या हकिगतीत सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: मंडईतला गाळा मॉलमध्ये नेताना त्यांनी ओटा मागं ढकलला नाही. पीठ मध्यवर्ती कारखान्यात वळून, गोठवून, गाळ्यात नुसतं गरम करायचं, हे स्वस्त पडलं असतं. कडक प्रेट्झेलच्या बाबतीत वळणारी यंत्रं १९३५ पासून आहेत. तरी या गाळ्यांत आजही माणूस वळतो. नफ्याचा हिशोब त्यात आहेच, कारण ते हात हीच जाहिरात. पण हिशोब असला म्हणून हात खोटे ठरत नाहीत.

उभ्यानं खायचं

बंदिस्त, वातानुकूलित मॉलची कल्पना व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाच्या वास्तुविशारदाची. नाझींमुळे १९३८ मध्ये देश सोडून आलेल्या या माणसानं मिनेसोटात १९५६ साली साउथडेल सेंटर उभारलं. युरोपातल्या चौकांसारखी माणसं इथं भेटावीत, बसावीत, फिरावीत, असं त्याच्या मनात होतं. खाण्यासाठी वेगळा चौक मात्र पुढं आला. किंग ऑफ प्रशियाच्या जवळच्याच प्लिमथ मीटिंग मॉलमध्ये १९७१ साली तसा प्रयत्न झाला, तो फसला. १९७४ मध्ये न्यू जर्सीच्या पॅरामस पार्कमध्ये तो जमला आणि मग फूड कोर्टशिवाय मॉल राहिला नाही.

प्रेट्झेलचा गाळा बहुधा फूड कोर्टात नसतो, आणि हे मुद्दाम आहे. तो दोन वाटा मिळतात त्या कोपऱ्यावर, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी असतो. जेवायला निघालेला माणूस फूड कोर्ट शोधत जातो. प्रेट्झेल घेणारा माणूस जेवायला निघालेलाच नसतो. तो बूट घ्यायला आलेला असतो आणि भाजलेल्या लोण्याचा वास त्याला वळवतो. मॉलची हवा बंदिस्त, त्यामुळे वास लांबवर जातो आणि रेंगाळतो. वासानं थांबला नाही तर पुढं तबक घेऊन उभी असलेली मुलगी एक तुकडा हातावर ठेवते. नमुन्याचा तुकडा फुकट द्यायचा ही रीतही मंडईतलीच. आपल्याकडे फळवाला पेरूची फोड कापून देतो तीच.

मग पाच डॉलरच्या पुढे मोजून माणूस कागदात गुंडाळलेला प्रेट्झेल घेतो आणि चालता चालता तोडून खातो. ताट, काटा, टेबल यांची गरज नाही. एक तास मी फक्त घेणाऱ्यांकडे पाहिलं. एकट्यानं अख्खा खाणारे फार थोडे होते. आया मुलांना तोडून देत होत्या, दोन मैत्रिणी दोन टोकांनी ओढत होत्या, एक म्हातारे गृहस्थ मधला जाड भाग बायकोला देऊन आपण टोकं खात होते. वेटोळ्याला तोडायच्या जागा आपोआपच असतात. वाटून खायला इतका सोयीचा दुसरा पदार्थ त्या मॉलमध्ये मला दिसला नाही.

"यात अंडं आहे का?"

भाची वीस वर्षांपूर्वी शिकायला आली तेव्हा तिच्या पहिल्या हिवाळ्यातलं बाहेरचं खाणं म्हणजे हा प्रेट्झेल. मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये जायचं तर बर्गरच्या दुकानात बटाट्याचे काप, पिझ्झ्याच्या दुकानात चीजची खात्री नाही, चिनी काउंटरवर भातातसुद्धा अंडं. "मावशी, तिथं रांगेत उभी राहिले की मला दहा प्रश्न विचारावे लागत नसत," ती म्हणाली. "साधा प्रेट्झेल मागितला की झालं."

हा अनुभव तिच्या एकटीचा नाही. ज्या मराठी घरांत अंडं चालत नाही त्यांच्यासाठी परदेशातली बेकरी म्हणजे संशयाचं ठिकाण. केक, मफिन, बिस्किटं, सगळ्यांत अंडं. साध्या प्रेट्झेलच्या पिठात अंडंही नाही आणि दूधही नाही. लोणी वरून लावतात. ते नको असेल तर 'बटर नको' एवढं सांगितलं की दूधही टाळणाऱ्यांना चालतो. गाळ्यावरच्या पोरांना हे पाठ असतं, कारण दिवसभरात कुणी ना कुणी विचारतंच. मी उभी असताना एका गुजराती आजोबांनी नातीकरवी विचारलं, एका तमिळ जोडप्यानं स्वतः विचारलं, आणि माईंनी तर दर फेरीला विचारलं.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. याच गाळ्यांवर सॉसेजभोवती पीठ गुंडाळून भाजलेले प्रकारही असतात आणि त्यातलं सॉसेज बहुधा गोमांसाचं असतं. भट्टी एक, कधी चिमटाही एक. माईंनी हे पाहिल्यावर त्यांचा चेहरा उतरला. भाचीनं आत विचारलं. त्या वीस वर्षांच्या मुलीनं काही न बोलता हातमोजे बदलले, स्वच्छ ट्रेवर नवा कागद घातला आणि माईंसाठी एक प्रेट्झेल वेगळा वळला. मागं रांग होती, तरी तिनं घाई केली नाही. माईंनी तो दोन्ही हातांत घेतला, टेकून बसायला जागा शोधली आणि सावकाश खाल्ला. मीठ जास्त आहे, म्हणाल्या, आणि बाकी चांगलंय. माईंच्या तोंडून 'बाकी चांगलंय' ही मोठी पावती.

त्या शनिवारी घरी आल्यावर त्यांनी भाचीकडून मैदा मागून घेतला. खायचा सोडा घरात होताच. पहिला घाणा दगड झाला, पीठ फुगायला वेळ दिला नव्हता. दुसरा जमला. नातवानं स्वतःचा एक वळला, या वेळी तो आठ झाला. त्याच ओट्यावर पलीकडे भाजणीची उकड निवत होती. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

वास नसलेला मॉल

निघायच्या आदल्या दिवशी भाचीनं मला एक्स्टन स्क्वेअर मॉलमध्ये नेलं. घरापासून चालत जाण्याएवढा जवळ. हा १९७३ मध्ये उघडला. तिच्या सुरुवातीच्या वर्षांत शनिवारी इथं गाडी लावायला जागा मिळत नसे. आता मोठी दुकानं एकेक करून निघून गेली आहेत. लांबच लांब स्वच्छ, रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंना खाली ओढलेली जाळीची दारं, वरून दिव्यांचा सारखा प्रकाश. दोन वृद्ध बायका व्यायाम म्हणून फेऱ्या मारत होत्या. आमच्या पावलांचा आवाज आम्हालाच ऐकू येत होता. आणि वास कसलाच नव्हता. भाची एका कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "इथं असायचा तो गाळा." भिंतीला फक्त रंग होता.

अमेरिकेत असे कितीतरी मॉल ओस पडले आहेत. प्रेट्झेलच्या साखळ्याही आता मॉलबाहेर वाटा शोधत आहेत. गाडीत बसूनच खिडकीतून घ्यायचे गाळे त्यांनी काढले आहेत. धंदा म्हणून त्यांना ते करावंच लागेल. पण गाडीच्या खिडकीतून ओटा दिसत नाही, भट्टी दिसत नाही, आणि काचेला हात टेकून "वन मोअर" म्हणायला मूल खाली उतरत नाही. हातात पिशवी येते, हात दिसत नाहीत. या पदार्थाची निम्मी किंमत त्या हातांची आहे, असं माझं तीन आठवड्यांनंतरचं मत आहे.

म्हणून वाचकांपैकी कुणी लेकाकडे, लेकीकडे त्या बाजूला जाणार असाल तर एवढं करा. किंग ऑफ प्रशियात किंवा जवळच्या कुठल्याही चालत्या मॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवलेला प्रेट्झेल घेऊ नका. पुढचा घाणा कधी निघणार ते विचारा आणि तोवर ओट्यासमोर उभे राहा. मीठ कमी हवं असेल तर आधी सांगा. पिशवीचं तोंड बंद करू नका, साल ओली होते. आणि वळणाऱ्या माणसाला, मनात येईल त्या भाषेत, छान झालाय म्हणून सांगा. माईंनी मराठीत सांगितलं होतं. तिला कळलं.